पेटीतले दिवस आणि पुढची वर्षे



अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ही परिषद पुण्यात भरावी, हे उचितच आहे. १९८७ ते १९८९ या काळात येथील के.ई.एम. रुग्णालयाच्या नवजात कक्षातून घरी गेलेल्या कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माग ठेवला. पहिल्या वाढदिवसापर्यंत नव्हे, तर पार अठरा वर्षांपर्यंत. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सर्वसाधारण कक्षेतच होता, पण पुरेशा वजनाने जन्मलेल्या मुलांपेक्षा कमी भरत होता. डोळे आणि हात यांचा मेळ, वाचन आणि विशेषतः गणित इथे अनेक मुले अडखळत होती. मूल जगले, चालले, बोलले, शाळेत गेले आणि अडचण उघड झाली ती गणिताच्या वहीत.

याचे सारे खापर नवजात कक्षावर फोडता येणार नाही. लवकर जन्मणे हाच मोठा धोका आहे. घरची परिस्थिती, आईचे शिक्षण, पोषण यांचाही वाटा असतो. पण सदतीस आठवडे भरण्याआधी जन्मलेल्यांपैकी जे बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यातच बाहेर येते, ते पुढचे दोन-अडीच महिने आईच्या पोटाऐवजी कक्षातल्या उबेच्या पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, काढते. मेंदूवर वळ्या पडण्याचा, मज्जातंतूंच्या जोडण्या झपाट्याने होण्याचा हाच काळ. भारतात २०२० मध्ये सुमारे तीस लाख बाळे मुदतीआधी जन्मली. त्यांतल्या ज्यांना पेटीत राहावे लागते, त्यांच्या भोवतीची हवा, उजेड, आवाज, प्लास्टिक आणि सुया हेच त्यांचे पहिले जग.

पेटीचा जन्मच मोठा गमतीचा. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहून स्तेफान तार्निये या प्रसूतितज्ज्ञाला कल्पना सुचली आणि १८८० च्या सुमारास तिथल्या प्रसूतिगृहात उबेच्या पेट्या आल्या. ऊब मिळाली आणि बाळे तगू लागली. पुढे पेटीत प्राणवायू आला आणि तिथून या क्षेत्रातला सर्वांत कडू धडा सुरू झाला.

१९४२ मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधला एक नवाच अंधपणा नोंदवला. डोळ्याच्या भिंगामागे पांढुरका पडदा दिसे. आश्चर्य असे, की हा आजार सुसज्ज रुग्णालयांतच फोफावत होता. जीवनसत्त्वे, उजेड, दूध अशा अनेकांवर संशय घेऊन झाला. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी मुक्त हस्ताने दिल्या जाणाऱ्या प्राणवायूकडे बोट दाखवले, आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या अठरा रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने ते पक्के झाले. तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळांची दृष्टी गेली होती. १९५० मध्ये जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर त्यांपैकीच एक.

पण गोष्ट इथे संपत नाही. घाबरून प्राणवायू सरसकट कमी केला गेला, तेव्हा डोळे वाचले आणि बाळे दगावू लागली. मध्यम मार्गाचा शोध २०१० च्या अमेरिकी चाचणीपर्यंत चालूच होता. रक्तातील प्राणवायू ८५ ते ८९ टक्क्यांत ठेवला तर नेत्रपटलाचा तोच आजार गंभीर रूपात कमी, पण मृत्यू जास्त. ९१ ते ९५ टक्क्यांत ठेवला तर उलटे. आपल्याकडे आजही तुलनेने मोठ्या, वजनदार बाळांचे नेत्रपटल बिघडते, कारण अनेक ठिकाणी प्राणवायूत हवा मिसळून देण्याची सोय नाही आणि शुद्ध प्राणवायूच थेट नळीतून जातो. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीचा धडा भिंतीवरच्या एका जोडणीपाशी अडून बसला आहे.

प्राणवायू निदान औषध म्हणून ओळखला जातो. ज्यांना कोणी औषध म्हणत नाही, त्यांचे काय? १९८२ मध्ये अमेरिकेत उघड झाले, की नळ्या धुण्याच्या सलाइनमधले बेन्झिल अल्कोहोल हे परिरक्षक चिमुकल्यांच्या जिवावर उठत होते. मोठ्या माणसाला ते बाधत नव्हते. किलोभर वजनाच्या बाळाच्या शरीरात ते साठत गेले. पातळ त्वचेवर आयोडीनयुक्त जंतुनाशक वारंवार लावले, तर ते आत शोषले जाऊन थायरॉइड ग्रंथी मंदावते, आणि मेंदूच्या वाढीला तर थायरॉइड हवेच.

नळ्यांचेही तसेच. पीव्हीसी मुळात कडक; त्याला मऊपणा येतो डीईएचपी नावाच्या थॅलेटमुळे. हा पदार्थ प्लास्टिकला रासायनिक बंधाने बांधलेला नसतो. रक्त किंवा शिरेतून द्यायचे स्निग्ध पोषण नळीतून जाताना तो त्यात उतरतो. बोस्टनच्या दोन रुग्णालयांतील २००५ च्या अभ्यासात, ज्या बाळांवर अशा नळ्यांचा वापर जास्त, त्यांच्या लघवीत या रसायनाचे अंश कमी वापराच्या बाळांपेक्षा सुमारे पाचपट आढळले. फ्रान्सने २०१५ पासून नवजात, बाल आणि प्रसूती विभागांत डीईएचपी असलेल्या नळ्यांवर बंदी घातली. वर्तनावर आणि बुद्धीवर त्याचा नेमका किती परिणाम होतो, यावर अजून एकमत नाही. पण नळी निवडताना डॉक्टर विकासाबद्दलही निर्णय घेत असतो, एवढे नक्की.

आता आवाज. अमेरिकी बालरोग अकादमीने १९९७ मध्ये कक्षातला आवाज ४५ डेसिबलच्या आत ठेवायला सांगितले. पेटीच्या छतावर सलाइनची बाटली ठेवून पाहावी, किंवा बाजूचे गोल दार कोपराने लोटून खटकन लावावे. खोलीत उभ्या असलेल्या सिस्टरला त्याचे काही वाटत नाही. आतल्या बाळाच्या मॉनिटरवर मात्र ठोके बदललेले दिसतात.

मग पूर्ण शांतता द्यावी काय? अमेरिकेत सेंट लुईस येथे २०१४ मध्ये निघालेले उत्तर चकित करणारे होते. एकेकट्या खोलीत वाढलेल्या बाळांची भाषा दोन वर्षांच्या वयात खुल्या वॉर्डातल्या बाळांपेक्षा मागे होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच प्रॉव्हिडन्समधल्या अभ्यासात स्वतंत्र खोल्या फायद्याच्या ठरल्या. आईचा सहभाग हे तिथले एक मोठे कारण होते. प्रॉव्हिडन्सच्याच संशोधकांना असेही दिसले, की पेटीत असताना ज्यांच्या कानी मोठ्यांचे बोलणे जास्त पडले, त्यांचे भाषेचे गुण अठराव्या महिन्यात सरस होते. अलार्म नको, आई हवी. पण डेसिबलच्या मीटरला हा फरक कळत नाही.

उजेडाचेही तेच. ब्रिटनमधल्या १९८६ च्या एका चाचणीत रात्री दिवे मंद केलेल्या कक्षातली बाळे पुढे जास्त झोपली आणि वजनाने वाढली. हा फरक दिसला तो घरी गेल्यावर.

वेदनेचा प्रश्न तर फार उशिरा विचारला गेला. इंदूरला वैद्यकीचे शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजित आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवले, की अपुऱ्या दिवसांच्या बाळालाही शस्त्रक्रियेची वेदना होते आणि भूल पुरेशी दिली तर ते लवकर सावरते. पॅरिस परिसरातल्या २००८ च्या पाहणीत पहिल्या चौदा दिवसांत बाळावर रोज सरासरी दहा वेदनादायी प्रक्रिया होत होत्या, बहुतेक वेदनाशमनाविना.

उपायांचा खजिना काही परदेशातच नाही. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. बोगोटात जन्मलेल्या कांगारू पद्धतीची कसोटी २०२१ मध्ये दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांत लागली; जन्मल्याबरोबर बाळाला आईच्या छातीशी ठेवल्याने मृत्यू पाव हिश्श्याने घटले. आईला कक्षात खाट मिळाली, की ऊब, दूध, आवाज आणि स्पर्श हे सारे एकदम मिळते.

स्वागत समितीची या दोन दिवसांसाठी एक विनंती आहे. बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर वजन, कावीळ, प्रतिजैविके, प्राणवायूचे दिवस यांची नोंद असते. टोचण्यांची संख्या, रात्री दिवे मंद होते की नाही, नळ्या कोणत्या, आई किती तास जवळ होती, हे कुठेच नसते. मग दहा वर्षांनी गणिताची वही उघडणाऱ्या संशोधकाने माग काढायचा कसा? नोंदणी टेबलावर एका पानाचा कच्चा नमुना ठेवला आहे. कोणता रकाना सिस्टरांना कामाच्या धबडग्यात भरता येईल आणि कोणता नुसता कागदावर राहील, हे त्यांनीच त्यावर खूण करून सांगावे. भरलेली पाने दुपारच्या चहापर्यंत कार्यकर्त्यांकडे द्यावीत. उद्या सकाळचे पहिले सत्र त्यांच्यावरच होईल, आणि त्या सत्रात पहिले बोलण्याचा मान सिस्टरांना आणि पालकांना दिलेला आहे.