पानिपत सापडेना तेव्हा
(सुवर्णमहोत्सवी सभेत मंडळाच्या संकेतस्थळ-समितीच्या वतीने केलेले भाषण)



पानिपतात राहणाऱ्या मराठी माणसाला पानिपत शोधत बसावे लागते, असे म्हटले तर आपण हसाल. परंतु मंडळाच्या संकेतस्थळाची देखरेख पत्करल्यापासून आम्ही हेच करीत आलो आहोत. पहिली तक्रार आली ती आपल्याच एका सूनबाईंची. १४ जानेवारी १७६१ विषयी मुलाला काही वाचून दाखवावे म्हणून त्यांनी शोधाच्या चौकटीत 'पानीपत' असे लिहिले आणि उत्तर आले, 'काहीही आढळले नाही'. काला आंबच्या स्मारकापासून काही मैलांवरच्या घरात हे उत्तर यावे!

कारण साधे होते. आमचे शोधयंत्र अर्थ जाणत नाही. ते अक्षरे जुळवून पाहते. आमच्या पानांत ऱ्हस्व 'पानिपत' होते, येथील हिंदी पाट्यांवर दीर्घ 'पानीपत' असते आणि जुन्या मराठी लेखनात 'पानपत'ही भेटते. शिवाय वडीलधाऱ्यांनी दिलेले कित्येक मजकूर १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या वळणाचे. 'नाव' शोधणाऱ्याच्या हाती त्यांतले 'नांव' लागत नाही. कऱ्हाडची तर आणखीच मौज. त्यातला 'ऱ्ह' संगणकात दोन रीतींनी साठवला जातो. डोळ्यांना तसूभर फरक दिसत नाही, पण यंत्राला ती दोन निराळी गावे वाटू शकतात. आणि युनिकोडपूर्वीच्या टंकात केलेली आमची पहिली पाने! पडद्यावर सुबक देवनागरी, पोटात रोमन अक्षरांची खिचडी. रूपांतराची साधने मिळाली, पण ती जोडाक्षरांपाशी अडखळत. अखेर ओळन् ओळ डोळ्यांखालून घालावी लागली. मूळ लेखनाला हात न लावता प्रत्येक पानाला संभाव्य लेखनभेद जोडून दिले, तेव्हा कोठे शोध मार्गी लागला.

मजकूर अद्ययावत करण्याचे काम मात्र आमच्या अंगाशी आले. पानिपत १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबातून हरियाणात आले. १ नोव्हेंबर १९८९ रोजी ते कर्नालपासून वेगळे होऊन जिल्हा झाले, १९९१ मध्ये पुन्हा कर्नालमध्ये गेले आणि १ जानेवारी १९९२ पासून पुन्हा स्वतंत्र झाले. आमच्या जुन्या पानांत मात्र सर्वत्र कर्नालच. उत्साहाच्या भरात आम्ही थेट माहितीकोशातच आज्ञा दिली, 'कर्नाल' जेथे असेल तेथे 'पानिपत' करावे. क्षणार्धात काम झाले. नादिरशहाने १७३९ साली कर्नालला जिंकलेली लढाई आमच्या कृपेने पानिपतावर आली, आणि १५२६, १५५६, १७६१ या तिहींत चौथीची भर पडली!

यावर हसता आले असते. परंतु आठवडाभराने एका दिवंगत ज्येष्ठ सभासदांच्या कन्येचा दूरध्वनी आला. वडिलांच्या आठवणींत आजीने सांगलीहून धाडलेल्या पत्राचा पत्ता होता : 'मु. पानिपत, जि. कर्नाल'. तेथे आता 'जि. पानिपत' झाले होते. "आजीने असे लिहिले नव्हते हो," एवढेच त्या म्हणाल्या. आम्हांला उत्तर सुचले नाही.

संपादकाच्या चौकटीतून बदल केला असता, तर प्रणालीने आधीची आवृत्ती जपून ठेवली असती. आम्ही ती वाट टाळली होती, म्हणून मागे जाण्याची सोयही उरली नव्हती. दैवाने संपूर्ण संकेतस्थळाची अकरा दिवसांपूर्वीची एक प्रत एका सभासदाकडे होती. ती परत चढवली. मधल्या दिवसांतले लेखन पुन्हा हाताने भरले.

आता आम्ही बदलण्याआधी प्रत घेतो, शब्द जेथे जेथे आला आहे त्याची यादी काढतो आणि प्रत्येक ठिकाण वाचूनच हात लावतो. आजची माहिती आमच्या शब्दांत बदलतो. दुसऱ्याच्या पत्रात, आठवणीत बदलत नाही, खाली टीप देतो. आजींच्या पत्त्याखाली आता १९८९ ची टीप आहे.

पहिल्या वर्षांच्या छायाचित्रांखाली अजून नावे नाहीत, त्यामुळे ती कोणत्याच शोधात येत नाहीत. चहापानाच्या वेळी ती बाहेरच्या मेजावर मांडली आहेत. ओळखीचा चेहरा दिसला, तर मागे पेन्सिलीने नाव लिहावे. ऱ्हस्वदीर्घाची चिंता करू नये.