भूगोलाचे चाळीस गुण आणि आगाशीची विहीर



पाल्य नववीत गेला की गणित, विज्ञान व इंग्रजी यांच्या शिकवण्या तत्काळ ठरतात. भूगोलाचे नाव शेवटी निघते. राज्य मंडळाच्या शालान्त लेखी परीक्षेत इतिहास-राज्यशास्त्रास 40 आणि भूगोलास 40 गुण. तेव्हा चाळीस गुणांचे पाठांतर आयत्या वेळी उरकेल, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. हा हिशेब चुकीचा आहे.

2017 साली आलेल्या नववीच्या पाठ्यपुस्तकात भूपृष्ठाच्या अंतर्गत हालचाली, बाह्यप्रक्रिया, वृष्टी आणि सागरजलाचे गुणधर्म असे पाठ होते. प्रश्न ‘भौगोलिक कारणे लिहा’ अशा स्वरूपाचे असतात. नकाशा भरावा लागतो, आलेख वाचावा लागतो. केवळ व्याख्या घोकून तेथे भागत नाही. घटना का घडली, हे सांगावे लागते. आणि या कारणांची उदाहरणे आगाशीच्या पंचक्रोशीतच आहेत.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस वाहून आला आणि त्याचे थर, फळीवर तागे रचावेत तसे, एकावर एक साचले. विरारच्या जीवदानी डोंगराचा काळा दगड त्याच घडणीचा आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. जेथे गलबते लागत, तेथील खाडी कालांतराने गाळाने भरत गेली. पुस्तकात ज्यास ‘संचयन’ म्हणतात, त्याने एका नामांकित बाजारपेठेचे वैभव नेले.

पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. भयभीत कुटुंबांनी रात्री घराबाहेर काढल्या. भूकंपाची नेमकी वेळ आधी सांगता येत नाही, एवढे ज्या मुलास ठाऊक असेल, तो ‘आज रात्री मोठा धक्का आहे’ अशा अफवेस घरातच पायबंद घालील.

सर्वांत निकटचा पाठ मात्र विहिरीचा आहे. सागरजलाची सरासरी क्षारता हजारी 35 असते. म्हणून ते गोड्या पाण्याहून जड असते. किनाऱ्यालगतच्या जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी त्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. शास्त्राचा ढोबळ नियम असा की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून 1 मीटर उंच असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. वरची पातळी उतरू लागली की खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढते. पाऊस ही जमा आणि उपसा हा खर्च. खर्च वाढत गेला की विहीर मचूळ होते. वसईच्या पूर्वजांनी राखलेली बावखले ही जमेची बाजू होती. ती बुजविणे म्हणजे मुद्दल मोडून खाणे होय. ज्या आगाशीची सुकेळी सर्वदूर नावाजली, तेथील केळीच्या बागाही याच गोड्या पाण्यावर वाढल्या.

2018 साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाचा आरंभ क्षेत्रभेटीने होतो. त्यात नळदुर्गचे विद्यार्थी सह्याद्री ओलांडून अलिबागचा समुद्र पाहण्यास जातात. आगाशीच्या विद्यार्थ्यास अर्नाळ्याचा किनारा सायकलच्या अंतरावर आहे. पालकांनी एखादा रविवार त्यासाठी काढावा. मुलांनी घराजवळच्या विहिरीतील पाण्याची खोली पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर दोरीने मोजावी. मात्र वडीलधाऱ्यांच्या सोबतीनेच. ती वहीत तारखेनिशी नोंदवावी. पाच वर्षांची अशी वही कोणत्याही मार्गदर्शिकेहून मोलाची ठरेल.

पुढे अकरावी-बारावीत भूगोल व भूशास्त्र हे स्वतंत्र विषय घेता येतात. तो मार्ग सर्वांनीच धरावा, असे नाही. परंतु उद्या जागा घेताना, बांधकाम करताना वा कूपनलिका खोदताना हीच मुले निर्णय घेणार आहेत. परीक्षेचे चाळीस गुण एकदाच मिळतात. विहिरीचे गोडे पाणी पिढ्यान्‌पिढ्या लागते.