पोटुशीनं बोटीवर जावं का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी पारशिवनीची. नागपूरच्या उत्तरेला, पेंच नदीच्या अंगाला असलेलं हे तालुक्याचं गाव. नागपूरकर जे पाणी पितात, त्यातलं बरंचसं आमच्याच नवेगाव खैरीच्या जलाशयातून जातं. वाघ बघायला येणारी मंडळी कोलितमाऱ्याच्या वाटेनं जातात. समुद्र मात्र आमच्यापासून फार दूर. आमच्या पिढीतल्या कित्येक बायकांनी तो सिनेमातच पाहिला. त्यामुळे पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीनं फोनवर विचारलं, ‘आई, पाचवा महिना संपलेला असेल, आम्ही जानेवारीत बोटीनं लक्षद्वीपला जाऊ का?’ तेव्हा माझ्या तोंडातून आधी काही उत्तरच आलं नाही.

ही बोट म्हणजे मोठं जहाज. मुंबईच्या बंदरातून निघतं, आत हॉटेलसारख्या खोल्या असतात, जेवण, गाणीबजावणी सगळं असतं. जावईबापूंच्या कचेरीतल्या चार जोडप्यांचा बेत होता. पाच रात्री. बेटावर उतरून पाण्यात डुंबायचं, सायकली चालवायच्या, समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचे. आराम कमी आणि हालचाल जास्त, अशी ती सुटी होती.

आता आमच्या घरातली अडचण सांगते. माझ्या लेकीचं हे दुसरं गर्भारपण. पहिल्या खेपेला नवव्या आठवड्यात गर्भ पडला होता. त्याच्या आठच दिवस आधी ती एका लग्नासाठी रात्रीच्या बसनं पुण्याहून नागपूरला आली होती. मग काय, नात्यातल्या प्रत्येकाला कारण सापडलं. ‘त्या बसनंच केलं,’ असं कुणी तोंडावर म्हणालं, कुणी पाठीमागे. पोरगी सहा महिने कुठे गेली नाही, कुणाशी धड बोलली नाही. म्हणून बोटीचा प्रश्न हा केवळ सहलीचा प्रश्न नव्हता. गेली आणि काही झालं, तर बोट कुणाकडे दाखवलं जाणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

विहीणबाईंचं मत स्पष्ट होतं, जायचं नाही. त्या मायेनंच म्हणत होत्या. पण मी लेकीला म्हटलं, तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे जा, आणि ‘जाऊ का’ असं एकच न विचारता सगळं उलगडून विचार. मीही पुण्याला गेले आणि तिच्यासोबत बसले. तिथे जे कळलं ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं.

बाईंनी सुरुवात केली ती त्या जुन्या बसपासून. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक गर्भांमध्ये गुणसूत्रांचीच जुळणी चुकलेली असते. तो गर्भ मुळात वाढणारा नसतो. आई घरात बसली काय अन् बसमध्ये बसली काय, त्यात फरक पडत नाही. हे ऐकताना लेकीनं माझा हात घट्ट धरला होता. दीड वर्ष तिच्या मनावर असलेलं ओझं कुणीतरी पहिल्यांदाच नाव घेऊन खाली ठेवलं होतं.

मग प्रवासाचं. निरोगी गर्भारपणात प्रवासाला सगळ्यात बरा काळ म्हणजे साधारण चौदाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंतचा. मळमळ ओसरलेली असते, पोट फार जड झालेलं नसतं. विमान कंपन्या एकच बाळ असेल तर बहुतेक ३६ आठवड्यांपर्यंत नेतात, शेवटच्या काही आठवड्यांत डॉक्टरांचा दाखला मागतात. जहाजाचा नियम मात्र कडक. बहुतेक मोठ्या जहाज कंपन्या २४ आठवड्यांची रेघ ओढतात. आणि ही मोजणी निघण्याच्या दिवसाची नसते, परतण्याच्या दिवसाची असते. निघताना तेवीस आठवडे आणि वाटेत चोवीस पूर्ण होत असतील, तरी चढू देत नाहीत.

मी विचारलं, विमानापेक्षा जहाज इतकं का घाबरतं? बाई म्हणाल्या, विमान काही तासांत खाली उतरतं. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतो, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवून जगवण्याची सोय नसते. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास जन्मलेलं बाळ मोठ्या रुग्णालयात कदाचित वाचू शकतं, भर समुद्रात त्याला कोण वाचवणार?

लेकीचा हिशेब केला. निघताना २२ आठवडे आणि ४ दिवस, परतताना २३ आठवडे आणि २ दिवस. म्हणजे नियमात बसत होतं. पाचव्या महिन्याची सोनोग्राफीही चांगली होती, वार खाली सरकलेली नव्हती. रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन ठीक. जुळं नाही. यातलं एक जरी वेगळं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

पुढे हालचालीचं. आपल्याकडे दोन टोकं असतात. एक म्हणते, दोन जिवांची आहेस, पलंगावरून उठू नकोस. दुसरी म्हणते, आम्ही नववा भरेपर्यंत दळण दळलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेला सल्ला या दोन्हींच्या मधला आहे. काही गुंतागुंत नसेल तर गर्भवतीनं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. चालताना दम न लागता बोलता यायला हवं, एवढी साधी खूण. म्हणून जहाजाच्या डेकवर चालणं, उथळ शांत पाण्यात पोहणं याला बाईंची ना नव्हती. सायकलीला होती, कारण पोट पुढे येतं तसा तोल बदलतो, सांधे सैल होतात आणि अनोळखी वाटेवर पडण्याची भीती वाढते. घोड्यावर बसणं, वेगाच्या बोटीमागे उसळत जाणं, हेही नाही.

आणि समुद्राच्या तळाशी जाणं, म्हणजे स्कूबा, अजिबात नाही. वर येताना पाणबुड्याच्या रक्तात वायूचे बारीक बुडबुडे तयार होऊ शकतात. आईचं फुप्फुस ते गाळून बाहेर टाकतं. पोटातल्या बाळाचं फुप्फुस अजून कामाला लागलेलं नसतं, त्याला ती सोय नाही. जहाजावरच्या गरम पाण्याच्या हौदातही बसायचं नाही, कारण आईच्या अंगाचा ताप फार वाढला तर तो बाळाला सोसत नाही.

इथपर्यंत मला वाटलं की आता परवानगी मिळाली. पण बाईंनी शेवटी एक प्रश्न विचारला आणि तोच सगळ्यात मोठा ठरला. ‘समजा, दुसऱ्या रात्री अंगावरून रक्त जायला लागलं, तर ऑपरेशन थिएटर आणि रक्तपेढी किती तासांवर आहे?’

लक्षद्वीपच्या वाटेवर याचं उत्तर आम्हाला देता येईना. तिथं मोठं जहाज बेटापासून दूर थांबतं, लहान होडीत उतरून किनाऱ्याला जावं लागतं. हेलकावणाऱ्या होडीत पाय टाकायचा, तोही बावीस-तेवीस आठवड्यांचं पोट घेऊन. बेटांवर रुग्णालयं आहेत, पण गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरनं कोचीला हलवावं लागतं. मला आमच्या शाळेतल्या कोकणच्या बाई आठवल्या. त्यांची आजी बाळंतपणाला माहेरी बोटीनं जायची. बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसं किनाऱ्याला येत. त्या काळी रस्ताच नव्हता, म्हणून तसं जावं लागे. आपल्याला तर निवड होती.

लेकीनं निवड केली. मी नाही, जावयानंही नाही. तिनं लक्षद्वीप सोडलं आणि त्याऐवजी मुंबई ते गोवा अशी दोन रात्रींची फेरी घेतली. किनारा जवळ, पुढचं बंदर ठाऊक, गोव्यात मोठी रुग्णालयं. बरोबर काय न्यायचं तेही बाईंनीच सांगितलं. तपासण्यांची फाईल, रक्तगटाची चिठ्ठी, सोनोग्राफीचा अहवाल. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो ठळक लिहून ठेवायचा. बोट लागली तर कुठली गोळी चालेल ते आधीच लिहून घ्यायचं, दुकानातून मनानं घ्यायची नाही. प्रवासाच्या विम्यात गर्भारपण धरलं आहे का ते वाचून बघायचं, कारण पुष्कळ विम्यांत ते वगळलेलं असतं. कच्चे मासे, उघड्यावर ताटकळलेलं जेवण टाळायचं. एका जागी तासन् तास बसायचं नाही, या दिवसांत पायात रक्त गोठण्याचा धोका वाढलेला असतो. आणि डासांपासून जपायचं. पुण्यात २०२४ च्या पावसाळ्यात झिका आढळला, तेव्हा गर्भवतींनाही लागण झाली होती, हे ती विसरली नव्हती.

विहीणबाई रुसल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. आपल्याकडे डोहाळजेवण होडीत करतात ना, पुठ्ठ्याची होडी सजवून त्यात पोटुशीला बसवतात, फोटो काढतात. मी त्यांना म्हटलं, ताई, होडीचे डोहाळे आपणच पुरवतो, फक्त आपली होडी दिवाणखान्यात असते. त्यावर मात्र त्यांना हसू आलं.

एक रात्र समुद्र खवळला होता. तिला बोट लागली, फोनला रेंज नव्हती. मी पारशिवनीत पहाटेपर्यंत जागी. सकाळी गोव्यातून फोन आला, ‘आई, मी चहा पितेय.’ नात आता दीड वर्षाची आहे.

पण श्रोतेहो, सगळं नीट झालं म्हणून निर्णय बरोबर होता, असं मी म्हणणार नाही. सगळं नीट झालं नसतं तरी तो बरोबरच होता, कारण त्या दिवशी जे कळण्यासारखं होतं ते सगळं विचारून तो घेतला होता. हे मी मुद्दाम म्हणते. घरात काही वाईट घडलं की आपण पोरीची चाल, पोरीचं खाणं, पोरीचा प्रवास यांत कारण शोधू लागतो. तिच्या दुःखावर दोष चढवतो. तेवढं तरी थांबवू या.

आणि एक. आमच्या तालुक्यात श्रावणाच्या सुमारास धानाची रोवणी असते. चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभं राहून, दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्यांत पोटुशी बायाही असतात. त्यांना ‘जाऊ का नको’ असं कुणी विचारत नाही, त्यांची मजुरी बुडते. तिकडे उसाच्या पट्ट्यात तर गर्भार बाया ट्रॅक्टरवर बसून शेकडो मैल तोडीला जातात. बाईंचा तो प्रश्न त्यांच्यासाठीही खराच आहे, रक्त जायला लागलं तर दवाखाना किती तासांवर? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते. आपल्या बांधावरच्या बाईला त्या दिवशी मजुरी न कापता पाठवणं आपल्या हातात आहे. १०८ नंबर तिच्या घरातल्या पोरांना पाठ करून देणंही.

तुमच्या घरी कुणी दोन जिवांची असेल आणि कुठे निघाली असेल, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बसा, आणि तिला विचारू द्या.