समुद्रतळाचा गाळ आणि त्यातील धातू

उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन मराठवाड्यातील शेतकऱ्यास चांगली परिचित आहे. तिला भिजल्यावर फुगविणारे आणि वाळल्यावर आक्रसविणारे खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. दख्खनचा काळा पाषाण झिजून ते तयार होते आणि पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावरही विपुल आढळते. किनाऱ्याजवळचा गाळ हा असा जमिनीचाच वंशज असतो.

खोल महासागरात हे नाते क्षीण होते. मध्य हिंद महासागराच्या द्रोणीत गंगा-ब्रह्मपुत्रेचा सूक्ष्म गाळ उत्तरेस पोहोचतो. दक्षिणेकडे तो विरळ होत जातो. तेथे सुमारे ५,००० मीटर खोलीवरील तळ मुख्यतः पृष्ठभागाजवळ जगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा बनतो. त्यांपैकी चुन्याची कवचे थंड व प्रचंड दाबाखालील पाण्यात विरघळून जातात. रेडिओलारिया आणि डायाटम यांची सिलिकेची कवचे उरतात. त्यांच्या गाळास सिंधुपंक म्हणतात. आणखी दक्षिणेस लोहाच्या ऑक्साइडांनी रंगलेली लाल मृत्तिका लागते. हजार वर्षांत हा थर काही मिलिमीटरच वाढतो.

ह्या चिखलावर बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेले असतात. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजावरून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी असे गोटे प्रथम वर काढले. पुढे १९८७ मध्ये मध्य हिंद महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे सोपविले गेले. त्यांपैकी ७५,००० अखेरीस राखले गेले. तेथील गोट्यांत मँगनीज सुमारे एक चतुर्थांश, तर निकेल व तांबे प्रत्येकी सुमारे १ टक्का असते. कोबाल्ट त्याहून पुष्कळ कमी.

गोट्यांचे कौतुक पुष्कळ होते, चिखलाचे होत नाही. हा थोडा अन्यायच होय. मृत जीवांचे अवशेष गाळात कुजताना निकेल व तांबे कणांमधील पाण्यात उतरतात आणि गोट्यातील मँगनीज ऑक्साइड ते शोषून घेते. म्हणूनच निकेल-तांब्याने समृद्ध गोटे सिंधुपंकावर सापडतात. गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढतो.

गोटे उचलताना वरचा मऊ थर ढवळला जाणारच. त्याचा परिणाम अजमावण्यासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये ह्याच द्रोणीतील एका पट्ट्यात गाळ मुद्दाम ढवळून पाहिला. पेरूनजीकच्या प्रशांत महासागरात जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये तळावर नांगरासारखे अवजार फिरविले होते. २०१५ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा त्याचे चर स्पष्ट दिसत होते.