‘५००० वॅट’चा सबवूफर आणि वर्सोव्याची खारी हवा

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा, कारण आजचा विषयच धडधडीचा आहे. गाडीतला सबवूफर. तो टिकणार की चार महिन्यांत राम म्हणणार, हे विकत घेतानाच कसं ओळखायचं?

आधी माझा किस्सा. मी वर्सोवा गावातला. सेकंडहँड गाडी घेतली आणि साठवलेले १४ हजार घेऊन थेट दुकानात गेलो. खोक्यावर भलं मोठं ‘५००० वॅट’. उचलून बघितला, जड होता. जड म्हणजे दमदार, असं मला वाटलं. घेतला!

पहिल्या पावसात खर्र-खर्र सुरू झालं. मग जळका वास. मग शांतता. दुकानदार म्हणाला, ‘पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही.’ आता पाणी कुठून जाणार? डिकी कोरडी ठणठणीत होती. शेवटी एका जुन्या स्पीकर रिपेअरवाल्याकडे नेला. त्यांनी तो माझ्यासमोर उघडला आणि अर्ध्या तासात मला शहाणं केलं. तेच आज तुम्हाला सांगतोय.

पहिली गोष्ट, वॅट. खोक्यावरचा मोठा आकडा असतो ‘पीक’चा, म्हणजे क्षणभराचा. आपल्याला बघायचा असतो ‘आरएमएस’, म्हणजे सलग किती झेपतं ते. ॲम्प्लिफायरचं खरं-खोटं करायला एक सोपी युक्ती आहे. त्याच्या मागचा फ्यूज बघा. माझ्यावर होता २५ अँपिअरचा. गाडी चालू असताना व्होल्टेज असतं साधारण १४. २५ गुणिले १४, झाले ३५०. म्हणजे सलग आत जाणारी वीजच ३५० वॅट, त्यातली थोडी उष्णतेत जाणार. आत ३५० आणि बाहेर ५०००? हे गणित कुठल्या शाळेतलं?

दुसरी गोष्ट, वजन. मागचं रबरी कव्हर काढलं तर आत मॅग्नेट निम्म्याच आकाराचा! बाकी सगळा रबराचा फुगवटा. म्हणून कव्हर निघत असेल तर दुकानातच काढून बघा. आणि मॅग्नेट खरोखर मोठा असला तरी तेवढ्यावर भाळू नका. वजन मॅग्नेटचं असतं, टिकाऊपणा बाकीच्या भागांत असतो.

तिसरी गोष्ट आपल्या समुद्राकाठच्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची. सांगाडा, म्हणजे बास्केट. स्वस्तात तो पत्र्याचा, ठोकून बनवलेला असतो. महागात ओतीव ॲल्युमिनियमचा. ओळखायचं कसं? फ्रिजवरचा छोटा मॅग्नेट बाहेरच्या कडेला लावा. मध्ये लावू नका, तिथे स्पीकरचा मॅग्नेटच खेचेल. कडेला चिकटला तर पत्रा. पत्रा वाईटच असतो असं नाही, पण त्यावरचा रंग एकसारखा, कोपऱ्यांत न सुटलेला हवा. माझ्या सांगाड्यावर कोपऱ्यात रंगच नव्हता. खाऱ्या हवेनं गंज धरला, त्याचे कण मॅग्नेटजवळच्या फटीत पडले. त्या फटीत कॉइल वर-खाली होत असते आणि जागा असते जेमतेम. कॉइल घासली, तिचं आवरण गेलं, जळली. पाणी नव्हतं हो, गंज होता!

कोनच्या भोवतीची कडाही बघा. फोमची कडा दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन फाटते. मुंबईत रबराची घ्या.

चौथी, हाताची परीक्षा. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवा आणि हलकेच, सरळ आत दाबा. तिरकं नको. कुठेही ‘खस्स’ असं जाणवलं तर नको म्हणा. सोडल्यावर कोन सरळ जागेवर आला पाहिजे. मग मल्टिमीटर मागा. ४ ओमच्या कॉइलवर तीन-साडेतीनच्या आसपास दिसलं तर ठीक. काहीच येत नसेल तर कॉइल तुटलेली.

पाचवी गोष्ट ऐकाच, कारण इथे पैशाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. वायर. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी वायर कमी जाडीची असेल तर ती तापते, प्लास्टिक वितळतं, गाडी पेटू शकते. वायरची एक तार ब्लेडनं खरवडून बघा. आत चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते तेवढ्याच जाडीत कमी करंट झेपवतं. आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळच हवा, दीड फुटाच्या आत. माझ्या गाडीत तो होता मागे, ॲम्पजवळ. मधली सगळी वायर उघड्यावर! रिपेअरवाले काका म्हणाले, ‘सबवूफर गेला ते बरं झालं, त्यानिमित्तानं हे तरी दिसलं.’

खोकं बनवून घेणार असाल तर भुशाचा बोर्ड टाळा, ओलाव्यानं फुगतो. मरीन प्लाय मागा, त्यावर आयएस ७१० असा छाप असतो. खर्च थोडा जास्त, पण पावसाळे निघतात.

आणि चांगला सबवूफरसुद्धा मारता येतो बरं का! छोटा ॲम्प फुल्ल करून ठेवला की आवाज फाटतो. फाटला की लगेच खाली घ्या. जळका वास आला तर बंदच करा.

एक गंमत सांगतो. आपण मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतो. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला! आणि आपल्याकडे त्यांचं नाव चिकटलं गोंगाटाला. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आमच्या गल्लीत दोन घरांमध्ये हात पसरायला जागा नाही, पहाटे बोटीवर जाणारी माणसं लवकर झोपतात. गल्लीत शिरताना मी बास शून्यावर आणतो.

बाबांना हे सगळं सांगितलं तर हसले. म्हणाले, ‘जाळं घेताना आम्ही रंग बघत नाय, गाठ ओढून बघतो.’ १४ हजार घालवून मी जे शिकलो, ते घरातच होतं. तुम्ही मात्र खोक्यावरचा आकडा वाचू नका. गाठ ओढून बघा.

भेटू पुढच्या भागात!