लाकडाचं घर आणि बाईचा रोज

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पाच महिन्यांपूर्वी मी सिंधुदुर्गात लाकूड आणि बांबूची घरं बांधणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. कामगारांची भरती आणि प्रशिक्षण हे माझं काम. संघटनेच्या मानधनावर घर चालत नाही, हे लपवण्यासारखं काही नाही. पर्यावरणाची काळजी घेतो, असं कंपनीच्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत छापलेलं आहे. तरी काहीजणींनी मला विचारलं की १९७४ साली रेणी गावात गौरादेवी आणि इतर बायका झाडांसाठी कुऱ्हाडीपुढे उभ्या राहिल्या. त्यांचं नाव घेणारी तू लाकडाच्या कंपनीत कशी? प्रश्न रास्त आहे.

रेणीच्या बायका स्वतः जंगलातून जळण आणि चारा आणत होत्या. त्यांचं भांडण होतं ते जंगल कोणाचं आणि कोणाला विचारून विकलं, यावरून. लाकडाचं म्हणाल, तर वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. झाडानं हवेतून घेतलेला हा कार्बन घर उभं असेपर्यंत लाकडातच राहतो. सिमेंटसाठी मात्र चुनखडी भाजावी लागते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तोडलं तिथं पुन्हा वाढू दिलं आणि घर टिकलं, तर लाकडाचं घर चांगलंच.

आमच्याकडे शेताच्या बांधावरचा माणगा जास्त येतो. हा बांबू जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा. जून काठ्या तेवढ्या काढल्या की बेट जिवंत राहतं. २०१७ साली वनकायदा बदलला आणि वनाबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी 'झाड' राहिला नाही, त्यामुळे शेतकऱ्याला तो तोडणं-विकणं सोपं झालं.

पण शेतकरी म्हणजे कोण? बेटाला माती लावते, कोवळे कोंब गुरांपासून राखते ती बाई. पैसे जातात सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात.

कारखान्यातही तेच. आमच्याकडे दोन रोज आहेत. यंत्रावरचा वेगळा, हातकामाचा वेगळा आणि कमी. यंत्रावर सगळे पुरुष. बायका काठ्या तासतात, घासतात, कीड लागू नये म्हणून बोरॅक्सच्या पाण्यात बुडवतात, ओल्या काठ्या उचलून वाळत घालतात आणि संध्याकाळी भुसा झाडतात. याला म्हणायचं 'हलकं काम'. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, आता त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता आहे. पण बाईला यंत्राला हातच लावू दिला नाही, तर काम 'समान' कधी ठरणार? कायदा मोडायचीही गरज पडत नाही.

भुशाचं ऐका. लाकडाच्या धुळीनं नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलेलं आहे. आमच्याकडे मास्क होते, पण यादी 'यंत्र विभागा'ची, म्हणून मिळायचे पुरुषांना. दिवसाअखेर सगळी धूळ झाडणाऱ्या बायकांच्या तोंडाला पदर! मी ती यादी आणि धुळीबद्दलची माहिती व्यवस्थापकांपुढे ठेवली. आठवड्यात बायकांना मास्क मिळाले. कोरडं झाडणं बंद करून धूळ ओढून घेणारं यंत्र आणावं, ही मागणी अजून पडून आहे.

मग बायकांना यंत्र शिकवायचा विषय काढला. मुकादम म्हणाले, "बायकांचा हात जाईल." तासणाऱ्या बायकांतली एक पटकन म्हणाली, "दादा, कोयती चालवतो तेव्हा कोणी हाताची काळजी केली नाही ती?" हात जाऊ नये म्हणून करवतीला गार्ड असतो, आणि तो बाई-पुरुष बघत नाही. चौदाजणींपैकी पाचजणी आता शिकताहेत. दोघी सफाईनं फळ्या कापतात. रोज मात्र त्यांना अजून हातकामाचाच आहे.

तो वाढवा म्हटल्यावर मला विचारलं गेलं, "ताई, तुम्ही कंपनीच्या की संघटनेच्या?" मी म्हटलं, माहितीपत्रकात जे छापलंय ते खरं करायला तुम्ही मला पगार देता. पुढच्या महिन्यात माझी परीक्षेची मुदत संपते. कायम करतील की नाही, सांगता येत नाही. म्हणून हा प्रश्न माझ्या एकटीवर ठेवून चालणार नाही. त्या दोघींनी आपल्या रोजाचा अर्ज स्वतः लिहिला आहे आणि बाकीच्या बाराजणींनी त्यावर सह्या केल्या आहेत. मी उद्या तिथं नसले तरी तो अर्ज तिथंच राहील.

तुमच्या भागातही 'हिरवे' उद्योग येताहेत: बांबू, सौरऊर्जा, कचऱ्यापासून खत. त्यांना विरोध करा असं मी म्हणत नाही. फक्त आत जाऊन विचारा: पैसे कोणाच्या खात्यात जातात? यंत्रावर कोण आहे? धूळ कोण खातं? आणि रोज कोणी ठरवला? झाडाचा हिशेब ठेवणाऱ्यांना बाईच्या श्रमाचाही हिशेब ठेवता आला पाहिजे.