विषावरचा उतारा आपल्याच बांधावर

(नवी मुंबईतील बैठकीत झालेल्या भाषणाचा सारांश)



आपण कापूस-ज्वारीवाली माणसे नवी मुंबईला येतो ती दोन कारणांनी. पोरगा इकडे कामाला लागला म्हणून, नाहीतर घरात कुणाला कर्करोग झाला म्हणून खारघरच्या टाटाच्या दवाखान्यात. रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान लेकरांना शिरेतून व्हिन्क्रिस्टीन नावाचे औषध देतात. ते निघते सदाफुलीतून! जिला गुरेसुद्धा तोंड लावत नाहीत, तीच ही सदाफुली. १९६३ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. टनभर वाळका पाला घेतला, तर हाती लागते ते फक्त काही ग्रॅम. तेव्हा घरी काढा करून कर्करोग बरा होईल, या भ्रमात कोणी राहू नये.

झाडाला पळता येत नाही. किडीपासून वाचायला ते कडू, विषारी द्रव्ये तयार करते. त्यातल्या एका मोठ्या गटाला शास्त्रज्ञ अल्कलॉइड म्हणतात. तंबाखूतले निकोटीन हे त्यातलेच. म्हणून तर तंबाखूच्या पाण्याने मावा मरतो. सिंकोनाच्या सालीतले क्विनीन हिवतापावर चालते. मात्रा नेमकी असली तर औषध, चुकली तर मरण.

आता आपल्या जिवाचा प्रश्न. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑरगॅनोफॉस्फेट गटातले औषध अंगात गेले की तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, छातीत पाणी भरते आणि श्वास कोंडतो. आता धोतरा खाल्लेला माणूस आठवा. तोंड कोरडे ठाक, बाहुल्या मोठ्या, घाम बंद. नेमके उलटे! धोतऱ्यात आणि त्याच्या कुळातल्या झाडांत ॲट्रोपीन असते. ते लाळ आणि छातीतले पाणी आटवते. म्हणून या विषबाधेवर डॉक्टर ॲट्रोपीनचे इंजेक्शन देतात आणि छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा देतात.

पण म्हणून कोणी धोतऱ्याचे बी वाटून पाजू नका! एका झाडात ॲट्रोपीन किती, दुसऱ्यात किती, याचा हिशेब कुणालाच लागत नाही. पाजले तर एका विषावर दुसरे विष, आणि माणूस हातचा जातो.

मग करायचे काय? माणसाला वाऱ्याच्या बाजूला, मोकळ्या हवेत न्या. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. १०८ ला फोन करा. आणि डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर न्या, कारण प्रत्येक औषधावर ॲट्रोपीन चालत नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइडचा उपचार वेगळा. दोन-तीन औषधे एकत्र करून मारली असतील, तर तेही लपवू नका. सांगायची लाज वाटली आणि जीव गेला, असे होऊ नये.

शेवटची गोष्ट. खरिपाची फवारणी सुरू होण्याआधी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे : ॲट्रोपीन किती आहे? रात्री देणारे कोण आहे? उत्तर लेखी घ्या. नसेल तर तालुक्याला अर्ज द्या आणि मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. उतारा झाडाने दिला आहे. तो सुईपर्यंत पोहोचवणे आपल्या हातात आहे.